वस्ती क्रमांक दोनशे सदतीस

१

चिंतामणराव राजोपाध्ये वैतागले नाहीत असा एकही दिवस त्यांच्या बायकोच्या आठवणीत नव्हता. सरकारी कचेरीत सांख्यिकी सहायक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली, ती वैतागत. निवृत्त होऊन घरी बसले, तर घरी बसण्यालाच वैतागले. मग टँकरनं पाणी पोचवायचं कंत्राट घेतलेल्या एका खासगी कंपनीत आकडे तपासायचं काम मिळालं. सोलापुरात होटगी रोडवर दुसऱ्या मजल्यावरचं हापिस, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि समोर एक कॉम्प्युटर. वैतागायला त्यांना पुन्हा हक्काची जागा झाली.

काम तसं सरळ होतं. कॉम्प्युटरात दोन मुख्य तक्ते. एकात वस्त्या: सांगोल्याकडच्या, उन्हाळ्यात टँकर लागतो अशा दोनशे छत्तीस वस्त्या, प्रत्येकीला तिचा क्रमांक. दुसऱ्यात खेपा: कुठला टँकर कुठल्या वस्तीवर किती वाजता रिकामा झाला, किती कुटुंबांना पाणी मिळालं, ताब्यात कुणी घेतलं. रोज सकाळी दहाला चिंतामणराव कॉम्प्युटरला एकच प्रश्न टाकायचे. कालची प्रत्येक खेप घे, तिचा वस्तीक्रमांक वस्त्यांच्या तक्त्यात शोध, आणि जिला तिथं जोडीदार सापडत नाही तेवढीच मला दाखव. लग्नात जेवून गेलेल्यांची यादी आमंत्रणांच्या यादीशी लावावी आणि न बोलावता कोण जेवून गेलं ते हुडकावं, तसला प्रकार. अशा बिनजोडीच्या ओळीला हापिसात ‘अनाथ ओळ’ म्हणत.

अनाथ ओळी रोजच निघत. ड्रायव्हर लोकांची बोटं जाड आणि मोबाइलची बटणं बारीक. कुणी छप्पन्नच्या जागी पाचशे सहा दाबायचा, कुणी क्रमांकाच्या जागी गाडीचा नंबर घालायचा. चिंतामणराव एकेकाला फोन लावून झापायचे, ओळ दुरुस्त करायचे आणि अकराच्या ठोक्याला अहवाल धाडायचे: तफावत शून्य. त्या शून्यावर त्यांचा जीव होता. दिवसभरात एवढी एकच गोष्ट मनासारखी होते, असं ते म्हणायचे.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सगळ्या ओळी निस्तरल्या आणि एक उरली. वस्ती क्रमांक दोनशे सदतीस. वेळ दुपारी बारा दहा. कुटुंबं तेवीस. ताब्यात घेणार, राजाबाई. ड्रायव्हर, धुळा.

दोनशे छत्तीस लिहिताना बोट घसरलं असणार, असं ठरवून त्यांनी ती ओळ दुरुस्त करायला घेतली. पण दोनशे छत्तीसची खेप वेगळी होती, वेगळ्या टँकरची, वेळेवर पोचलेली. मग ही कुठली? धुळाचा फोन लागेना. अकरा वाजत आले होते. त्यांनी चरफडत अहवालात ‘तफावत एक’ असं लिहिलं आणि दिवसभर त्यांना चहा गोड लागला नाही.

बुधवारी ती ओळ पुन्हा आली. तीच वस्ती, तीच वेळ, तीच राजाबाई. कुटुंबं चोवीस.

२

धुळा सापडला तो दुपारी. तो महूदकडचा, तिशीचा, कामाला चोख गडी. त्याला आजवर कधी झापायची वेळ आली नव्हती. त्यामुळं चिंतामणरावांनी आधी जरा सबुरीनं घेतलं, आणि मग नेहमीसारखं.

“साहेब, तुमच्याच लिस्टात हाय की,” धुळा म्हणाला. “मी कशाला मनानं घालू? मेटकरी वस्ती सोडून माळ चढलं की डाव्या हाताला. रोज एक खेप.”

“नाव काय वस्तीचं?”

धुळानं गाडी कडेला घेतली. टँकरच्या इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“नाव कुणी घेतच न्हाई की हो तिचं,” तो म्हणाला. “तिकडं, असं म्हणत्यात.”

चिंतामणरावांनी कपाळावर हात मारला आणि मोबाइलच्या पडद्याचा फोटो धाडायला सांगितलं. फोटो आला. दोनशे पस्तीस, दोनशे छत्तीस, आणि खाली दोनशे सदतीस. पुढं नावाची जागा कोरी.

हे सॉफ्टवेअर पुण्याच्या लोकांनी बांधलेलं होतं. त्यांना फोन लावला. तिकडच्या मुलीनं अर्धा तास तपासून सांगितलं, की आमच्याकडं वस्त्या दोनशे छत्तीसच आहेत सर, ड्रायव्हरला ॲप काढून पुन्हा टाकायला सांगा. धुळानं ॲप काढून पुन्हा टाकलं. दोनशे सदतीस जागच्या जागी.

हापिसाचा व्यवस्थापक संगमेश चिंतामणरावांच्या निम्म्या वयाचा, पण माणूस समजूतदार. त्यांना काका म्हणायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की काका, एक ओळ राहिली तरी वरनं मला दहा फोन येतात, उडवून टाका की ती. चिंतामणरावांना असं उडवणं पटत नसे. चूक शोधायची असते, पुसायची नसते, हा त्यांचा चौतीस वर्षांचा बाणा. पण डोक्याला ताप झाला होता. त्यांनी दोन्ही ओळी पुसल्या.

गुरुवारी सकाळी तीन ओळी आल्या. सोमवारची, मंगळवारची आणि बुधवारची. कुटुंबं तेवीस, चोवीस, पंचवीस.

ड्रायव्हरच्या मोबाइलमधून जुनी माहिती पुन्हा वर चढते, असं कधीकधी होतं. चिंतामणरावांनी स्वतःला तसं बजावलं. मात्र ओळी पुसायला माउसकडं नेलेला हात त्यांनी मागं घेतला.

३

आता हट्टाला पेटायची वेळ आली. कॉम्प्युटरात आणखी एक तक्ता होता, कुटुंबांचा: कुठल्या वस्तीवर कुणाचं घर. एरवी त्याला कुणी हात लावत नसे. चिंतामणरावांनी तोच प्रश्न त्या तक्त्याला विचारला. ज्यांच्या वस्तीला वस्त्यांच्या तक्त्यात जोडीदार नाही, अशी कुटुंबं दाखव.

पंचवीस नावं आली. सगळ्यांपुढं दोनशे सदतीस. पहिलं नाव राजाबाई, शेवटचं मल्हार. साधी नावं, साधी माणसं, घरात सहा माणसं, चार माणसं, शेळ्या इतक्या, मेंढ्या इतक्या. खोट्या याद्या त्यांनी आयुष्यात पुष्कळ बघितल्या होत्या. त्या नेहमी नको तितक्या व्यवस्थित असतात हे त्यांना माहीत होतं. ही यादी खऱ्यासारखी अव्यवस्थित होती. कुठं वय राहिलेलं, कुठं आडनावात चूक.

दर महिन्याच्या एक तारखेला सगळी यादी कागदावर छापून ठेवायची त्यांची जुनी खोड होती. संगमेश त्यावरून हसायचा. चिंतामणरावांनी कपाटातून एप्रिलचा गठ्ठा काढला आणि लाल पेन घेऊन बसले. जेवणाची सुट्टी गेली, डबा तसाच राहिला. चार वाजेपर्यंत पंचवीसच्या पंचवीस नावं कागदावर सापडली. वेगवेगळ्या वस्त्यांवर, एकेक. मल्हारचं नाव मेटकरी वस्तीवर होतं. एकतीस घरं, मल्हारचं सतरावं. कॉम्प्युटरात मेटकरी वस्तीवर आता तीस घरं दिसत होती.

मेटकरी वस्तीवर टँकरची देखरेख रामहरी नावाचे एक वयस्कर गृहस्थ करायचे. चिंतामणरावांची फोनवरची ओळख होती. त्यांनी फोन लावला, इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग मल्हारचं घर कुठं उठून गेलं का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कोण मल्हार?” रामहरी म्हणाले. “आमच्या हितं मल्हार नावाचं कुणी न्हाई.”

“सतरावं घर. माझ्याकडं कागद आहे.”

“सतरावं न्हाईच की साहेब. सोळा झालं की अठरा.”

हे त्यांनी इतक्या सरळपणानं सांगितलं, की चिंतामणरावांना आपलंच काही चुकतंय असं क्षणभर वाटलं. त्यांनी विचारलं, मग सोळा आणि अठराच्या मध्ये काय आहे?

पलीकडं कोंबडी ओरडत होती.

“मोकळी जागा हाय,” ते म्हणाले. “तितं कुणी बसत न्हाई.” आणि मग, जरा कोरड्या आवाजात, “कशाला इचारताय?”

४

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जुळे सोलापुरात त्यांच्या घरी पाण्याचा दिवस होता. दर पाचव्या दिवशी पाणी सुटायचं, तेही पहाटे. शकुंतलाबाई पाच वाजल्यापासून पिंप भरत होत्या आणि चिंतामणराव पाइप धरून उभे होते. शकुंतलाबाई निवृत्त शिक्षिका. नवऱ्याचा वैताग एका कानानं ऐकायचा आणि मुद्दा तेवढा दुसऱ्या कानाला लागू द्यायचा, ही त्यांची रीत.

त्यांनी सगळं ऐकलं. कुणीतरी तुमच्याशी खोडी करतंय म्हणाल्या. मग म्हणाल्या, की खोडी असती तर तेवढ्यासाठी रोज बारा हजार लिटर पाणी कोण घालवील? टँकर भरून जातोय, रिकामा होऊन येतोय, म्हणजे ते कुणीतरी पितंय.

“कोण पितंय तेच तर कळत नाहीये ना,” चिंतामणराव चिडून म्हणाले. “यादीत नाव नाही, गाव नाही.”

“पाणी मागणाऱ्याला आधी गाव विचारतात का?”

यावर ते पाइपावर चिडले. हापिसात गेल्यावर कॉम्प्युटरवर चार ओळी होत्या. शेवटचीत कुटुंबं सव्वीस. त्यांनी धुळाला फोन करून सांगितलं, की उद्या मी गाडीत येतो.

५

शनिवारी सकाळच्या एसटीनं ते सांगोल्याला उतरले. धुळा स्टँडबाहेर टँकर घेऊन उभा होता. साहेब स्वतः आले याचा त्याला आनंद झाला होता. त्यानं सीटवर टॉवेल अंथरून दिला. वाटेत तो आपल्या बायकोबद्दल, मुलीच्या शाळेबद्दल बोलत होता. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा होत्या, मग त्या विरळ झाल्या, मग नुसता मुरमाड माळ आणि वेड्या बाभळी. मेटकरी वस्ती मागं पडली. पत्र्याच्या घरांच्या ओळीत मध्येच एक दात पडल्यासारखी जागा चिंतामणरावांना दिसली. तिकडं त्यांनी मुद्दाम दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

टँकर माळ चढला आणि डावीकडं वळून थांबला. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

वस्ती नव्हतीच. घर नाही, गोठा नाही, कुत्रं नाही. सिमेंटची एक चौकोनी टाकी, तिच्यापासून लांब एकच कडुनिंब, आणि टाकीपासून कडुनिंबापर्यंत भांड्यांची रांग. प्लॅस्टिकच्या घागरी, स्टीलच्या कळश्या, तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या. एकामागं एक, तोंडं वर करून.

“माणसं कुठं आहेत?”

“सावलीला बसल्यात की,” धुळा कडुनिंबाकडं हात करून म्हणाला आणि पाइप सोडायला गेला.

चिंतामणरावांनी चष्मा पुसून पाहिलं. ऊन डोक्यावर होतं. अशा वेळी झाडाची सावली झाडाच्या बुडाशी गोळा होते. या झाडाची सावली तशी नव्हती. ती मागं माळावर लांब पसरली होती, सभामंडपाएवढी, आणि तिच्यात काळं काही दाटीवाटीनं हलत होतं. डोळ्यांवर अंधारी आली असेल. बासष्टीला उन्हात आलं की असं होणारच. पण त्यांना बांगड्या वाजल्याचा आवाज आला, आणि एक लहान मूल खोकल्याचा.

पाइपातून पाण्याचा लोट टाकीत पडत होता. मनगटाहून जाड धार, पांढरी, जोरात. आणि आवाज नव्हता. रिकाम्या टाकीत पाणी पडताना जो धबधबाट होतो, तो अजिबात नव्हता. ते जवळ जाऊन टाकीवर वाकले. आत काळोख होता. तळ दिसत नव्हता आणि पाणीही दिसत नव्हतं. त्यांनी मान पटकन मागं घेतली.

भीती वाटली की चिंतामणराव मोजायला लागायचे. लहानपणापासूनची सवय. ते रांगेच्या कडेकडेनं चालत भांडी मोजू लागले. कडुनिंबापाशी पोचेपर्यंत सत्तावीस झाली. परत येताना मोजली, अठ्ठावीस. चुकलं म्हणून चडफडत ते पुन्हा वळले. आता पहिली पाच भांडी काठोकाठ भरलेली होती आणि टाकीपाशी ओल्या मातीवर एकाही पावलाचा ठसा नव्हता.

“मोजू नगा,” कुणीतरी अगदी पाठीशी म्हणालं. बाईमाणसाचा आवाज, दमलेला, ना रागाचा ना लोभाचा. “मोजलं की वाढत्यात.”

ते गर्रकन वळले. हिरव्या लुगड्याचा काठ सावलीत शिरताना दिसला. त्यापुढं एक टाच, भेगाळलेली, धुळीनं पांढरी. बस एवढंच. आणि सावलीतली ती सगळी दाटी त्यांच्याकडं बघत होती, हे त्यांना स्पष्ट जाणवलं.

धुळा पावतीचं पुस्तक घेऊन सावलीत गेला आणि हसत काहीतरी बोलून परत आला. पावतीवर राजाबाईचा अंगठा होता. खाली कुटुंबं अठ्ठावीस. वरची प्रत त्यानं साहेबांना दिली. परतीच्या वाटेवर चिंतामणरावांनी त्याला एवढंच विचारलं, की तुला ती माणसं दिसतात?

“न दिसायला काय झालं?” धुळा म्हणाला. मग गिअर बदलत म्हणाला, “लई चांगली माणसं हायती. रोज म्हणत्यात, बस की जरा.”

“बसत जाऊ नकोस,” चिंतामणराव म्हणाले. “मी सोमवारी याचा निकाल लावतो. तोवर तिकडं जाऊच नकोस.”

“आन् पाणी?”

त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. पुढं अनेक दिवस त्यांना याचाच पश्चात्ताप झाला. नक्की काहीतरी सांगायला हवं होतं.

६

सोमवारी सकाळी दोनशे सदतीसच्या ओळींत रविवारचीही ओळ होती. कुटुंबं एकोणतीस. ड्रायव्हर, सिदू.

चिंतामणरावांनी धुळाला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं फोनमधली बाई म्हणाली. त्यांनी गाडीमालकाला फोन केला. त्यानं सांगितलं, की त्या गाडीवर जानेवारीपासून सिदूच आहे. धुळा? असा कुणी आपल्याकडं कधी नव्हता. चिंतामणराव फोनवर ओरडले. शनिवारी मी त्याच्या शेजारी बसून सत्तर किलोमीटर फिरलोय, त्याच्या मुलीच्या शाळेचं नावसुद्धा मला ठाऊक आहे. आणि तोंडात आलेलं ते नाव त्यांना आठवेना.

त्यांनी कुटुंबांच्या तक्त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला. एकोणतीस नावं आली. शेवटचं धुळा. घरात माणसं तीन.

खिशातली पावती काढून त्यांनी टेबलावर ठेवली. ड्रायव्हरच्या सहीच्या जागी धुळाची सही होती, वाकडीतिकडी. राजाबाईच्या अंगठ्याला बोट लागलं तर शाई बोटाला आली. दोन दिवस झाले होते, ती अजून ओली होती.

संगमेश साडेदहाला आला तो खुशीत. म्हणाला, काका, तुमचा प्रश्न सुटला. आज पाच वाजता पुण्याचे लोक वस्त्यांशी बाकीच्या दोन्ही तक्त्यांचं नातं पक्कं करणार. म्हणजे काय, हे चिंतामणरावांना समजावून सांगावं लागत नव्हतं. ज्या ओळीला वस्ती नाही ती यापुढं आत घेतलीच जाणार नाही, आणि आजवरच्या सगळ्या अनाथ ओळी एका फटक्यात पुसल्या जाणार. खेपाही आणि कुटुंबंही. आणि उद्या कुणी एखादी वस्तीच यादीतून काढली, तर तिच्या खेपा, तिची घरं, सगळं तिच्याबरोबर आपोआप जाणार.

“पुसू नको,” चिंतामणराव म्हणाले. “त्यात धुळा आहे.”

“कोण धुळा?”

संगमेशनं हे चेष्टेनं विचारलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि ती धुळाची नव्हती. तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या काका, उन्हातनं फिरलाय, असं तो म्हणाला आणि पंख्याचा वेग वाढवून गेला.

दिवसभर चिंतामणराव त्या एकोणतीस नावांसमोर बसून होते. ती माणसं कुठं होती, होती का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. रामहरींच्या डोक्यात मल्हार नव्हता, गाडीमालकाच्या डोक्यात धुळा नव्हता. जगात त्यांची नोंद आता फक्त इथं होती, या बिनजोडीच्या ओळींत, आणि पाच वाजता ती पुसली जाणार होती. कागद होते म्हणा, पण त्यांनी सकाळी गठ्ठा पुन्हा उघडला तेव्हा मेटकरी वस्तीच्या यादीत सोळानंतर अठरा छापलेलं होतं, आणि मध्ये त्यांच्याच लाल पेनची एक खूण, कशावर केली ते न कळणारी.

अनाथ ओळ वाचवायचा एकच मार्ग असतो. तिला जोडीदार द्यायचा.

पावणेपाचला त्यांनी वस्त्यांचा तक्ता उघडला. आयुष्यात कधी खोटी नोंद केली नव्हती. आता जी करत होते ती खोटी की खरी, हेही त्यांना कळेना, आणि त्या न कळण्याचा त्यांना मनस्वी संताप आला. क्रमांक दोनशे सदतीस. तालुका सांगोला. टँकर रोज एक. नावाची जागा कोरी सोडली तर कॉम्प्युटर ओळ घेईना. त्यांनी थोडा विचार केला आणि ‘तिकडची वस्ती’ असं लिहिलं.

ओळ आत गेली. पाच वाजता पुण्याच्या मुलीचा फोन आला, की सर, नातं पक्कं झालं, पुसायला एकही अनाथ ओळ सापडली नाही.

७

मंगळवारी सकाळी दहाला त्यांनी रोजचा प्रश्न टाकला. शून्य ओळी. कुटुंबांना विचारला. शून्य. संगमेशनं खालून दोन चहा मागवले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चिंतामणरावांना वाटलं होतं, की शून्य दिसल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही. त्यांनी चहा घेतला, बशी बाजूला सारली आणि पडद्याकडं बघत बसले.

त्या प्रश्नाला एक दुसरी बाजू होती. ती त्यांनी कधी विचारलीच नव्हती, कारण विचारायची गरजच पडली नव्हती. वस्ती नसलेल्या खेपा ते रोज शोधायचे. पण खेप नसलेली वस्ती? टँकर चुकला की वस्तीचे लोक स्वतःच फोन करून हापिस डोक्यावर घेतात. गेल्या तीन उन्हाळ्यांत असा फोन न करता गप्प बसलेली वस्ती त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी प्रश्न उलटा केला. प्रत्येक वस्ती घे, कालच्या खेपांत तिला शोध, जिला खेप सापडत नाही ती दाखव.

एक ओळ आली. मेटकरी वस्ती.

त्यांनी तिची घरं मागितली. एकही ओळ आली नाही. मग, जे करायचं नव्हतं ते त्यांनी केलं. दोनशे सदतीसची सोमवारची खेप उघडली. कुटुंबं एकोणसाठ. एकोणतीस आणि तीस.

त्यांचा पहिला विचार सरळ होता. काल घातलेली ओळ आज काढून टाकायची. माउस त्या ओळीवर नेलाही. पडद्यावर चौकट उघडली: ही वस्ती पुसल्यास तिच्याशी जोडलेली एकोणसाठ कुटुंबं पुसली जातील. पुसायचं का? खाली ‘होय’ आणि ‘नाही’. चिंतामणरावांनी ती चौकट कितीतरी वेळ तशीच ठेवली. संगमेश त्याच्या केबिनमध्ये फोनवर हसत होता. खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. त्यांनी ‘नाही’ दाबलं.

मग त्यांनी रामहरींना फोन लावला. लागणार नाही असं त्यांनी धरून चाललं होतं. दुसऱ्याच घंटेला उचलला. पलीकडं मोकळ्या माळावरचा वारा होता आणि भांड्याला भांडं लागल्याचा आवाज, लांबपर्यंत, एकामागं एक.

“रामहरी, मी हापिसातनं राजोपाध्ये. तुम्ही कुठं आहात?”

“रांगेत हाय साहेब,” रामहरी दबक्या आवाजात म्हणाले, मध्येच बोलल्यानं कुणाचा खोळंबा होऊ नये अशा बेतानं. “समदीच आलोय. धुळा माज्या फुडं हाय.”

चिंतामणरावांना त्याला फोन द्या म्हणायचं होतं. परत या म्हणायचं होतं.

“एका खेपंत भागत न्हाई हो,” रामहरी म्हणाले. “माणसं लई झाली. दुसरी लावाल का?”

बारा वाजायला अजून अवकाश होता. चिंतामणरावांनी फोन कानाशी तसाच धरून दुसऱ्या हातानं दोनशे सदतीसची ओळ उघडली, ‘रोज एक’मधला एक खोडला आणि तिथं दोन लिहिला.